हिरवा लेझर लावला, आलेख हलेना? या चुका टाळा

पाषाणच्या एका प्रयोगशाळेतला माझा पहिला प्रयोग. लोहाच्या स्पिन-क्रॉसओव्हर संयुगाची (थंडीत जवळजवळ चुंबकत्व नसलेलं लो-स्पिन, उष्णतेने किंवा प्रकाशाने चुंबकीय हाय-स्पिन होणारं) वीस मिलिग्रॅम पूड डबीत ठासली, १० केल्विनला हिरवा लेझर दोन तास लावला. चुंबकत्वाचा आलेख जेमतेम हलला. मग आठवडाभर संयुगालाच शिव्या! संयुग चांगलं होतं हो, थर जाड होता.

असली संयुगं थंडीत बहुधा गडद असतात. वरचा पापुद्राच प्रकाश गिळतो, खाली काळोख. म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या जोड्या सुटून लोह हाय-स्पिन होतं ते फक्त वरचं. मिलिग्रॅमहूनही कमी पूड पातळ पसरा. एवढंसं वजन तराजूवर भरवशाचं येत नाही. म्हणून तापमानाने होणारा बदल आधी भरपूर पुडीवर मोजायचा, आणि पातळ थराचा आलेख त्यावर बसवून वजन काढायचं.

दुसरी फसगत उष्णतेची. थर्मामीटर दहा म्हणतो, पण लेझरखालची पूड त्याहून तापलेली असते. लेझर बंद करताच चुंबकन (मोजलेलं चुंबकत्व) चटकन वर उडालं, तर समजा पूड गरम होती. पॉवर उतरवा.

लेझर बंद करून अंधारात तापवताना तीसेक केल्विनपर्यंत कायटी (χT, म्हणजे चुंबकग्राहिता गुणिले तापमान) चढतच जातो. दहा केल्विनचा आकडा बघून ‘अर्धंच रूपांतर झालं’ असं लिहू नका. हाय-स्पिन लोहाच्या ऊर्जापातळ्या मुळातच विभागलेल्या असतात, त्याचा हा परिणाम. तापवण्याचा वेग मात्र मिनिटाला ०.३ केल्विन ठेवा. घाई केली की टी-लीस्ट (प्रकाशाने आलेली हाय-स्पिन अवस्था ज्या तापमानाला मावळते तो आकडा) वर सरकतो आणि इतरांच्या आकड्यांशी तुलनाच होत नाही.

पांढरा दिवा नको. १९८४ मध्ये जर्मनीतल्या माइन्झच्या गटाने टेट्राझोलचं जांभळं लोहसंयुग हिरव्या प्रकाशाने रंगहीन केलं. पुढे लाल प्रकाशाने ते परतही आणता येतं हे दिसलं. पांढऱ्यात दोन्ही रंग, म्हणजे एका हाताने द्यायचं, दुसऱ्याने काढायचं.

पन्नास केल्विनच्या आसपास उंचवटा आला तर नव्या शोधाचा पेढा वाटू नका, नमुन्याच्या कक्षात हवेतला ऑक्सिजन राहिलाय. कक्ष हेलियमने पुन्हा धुवा. पण निर्वात जास्त ओढलं तर स्फटिकातलं द्रावक उडतं, आणि पुण्यातल्या जुलैत उघडी राहिलेली पूड ओल धरते, ते वेगळंच. म्हणून मोजणी संपली की त्याच पुडीचा एक्स-रे आलेख पुन्हा घ्या, स्फटिक बदललेत का ते कळेल.