पहिल्या मीटिंगला जाण्याआधी

दारू सोडणाऱ्यांचा गट शोधताय ना? मग यादीत सगळ्यात वर डॉक्टर लिहा, गट त्याच्या खाली. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केली तर ६ ते २४ तासांत हात थरथरायला लागतात, घाम फुटतो, मळमळतं, झोप उडते. काहींना पहिल्या दोन दिवसांत फिट येते. त्यापुढच्या एक-दोन दिवसांत कुणाकुणाला भास होतात, भान सुटतं, आणि तेव्हा मात्र जिवावर बेतू शकतं. मीटिंगमधली माणसं कितीही मुरलेली असली तरी फिट त्यांना थांबवता येत नाही. पूर्वी कधी दारू बंद केल्यावर असा त्रास झाला असेल, तर घरच्या घरी सोडण्याचा हट्ट नको.

आता गट. सगळ्यात जास्त मीटिंगा सापडतील त्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या, म्हणजे एएच्या. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात दारूने होरपळलेले दोघे जण, एक शेअर बाजारातला आणि एक सर्जन, एकमेकांशी बोलत राहिले, त्यातून हा गट उभा राहिला. पद्धत अजून तीच आहे: ज्याने भोगलंय त्याने दुसऱ्या भोगणाऱ्याशी बोलायचं. सभासद व्हायला दारू सोडण्याची इच्छा पुरते. फी नाही. वर्गणीचा डबा किंवा पिशवी फिरते, पण नवख्याने त्यात काही टाकलं नाही म्हणून कुणी बघत नाही. एएच्या बारा पायऱ्यांमध्ये, म्हणजे दारूतून बाहेर पडण्याच्या टप्प्याटप्प्याच्या कार्यक्रमात, ईश्वराचा उल्लेख येतो, आणि तिथेच बरेच जण बिचकतात. तुम्हाला ते पटतच नसेल तर १९९४ मध्ये सुरू झालेली स्मार्ट रिकव्हरी बघा. तिथे देवाधर्माऐवजी विचार आणि सवयी बदलण्याचे सराव असतात. पण नुसतं ऐकून एएला ‘भजनी मंडळ’ म्हणून मोडीत काढू नका. २०२० च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे आधी झालेले अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या अहवालात, माणसाला पद्धतशीरपणे एएशी जोडून देणारे उपचार सलग दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा बहुधा सरस ठरले आहेत.

तरीही माझं मत विचाराल तर पहिली मीटिंग तत्त्वज्ञान बघून निवडू नका, घड्याळ बघून निवडा. ज्या वेळी पाय आपोआप बारकडे वळतात, त्याच वेळची मीटिंग शोधा. सातला तलफ येत असेल तर सकाळी अकराची मीटिंग चांगली असूनही तुमच्या कामाची कमी. जायचा रस्ताही ठरवून ठेवा, नेहमीचं दुकान टाळून जाणारा. लांबचा पडला तरी चालेल. आणि एका मीटिंगवर भिस्त ठेवू नका. त्याच आठवड्यातल्या आणखी दोन, शक्यतो वेगळ्या गटांच्या, आधीच लिहून ठेवा. पहिलीत कंटाळा आला, कुणी फार बोललं, वातावरण जमलं नाही, तर ‘हे आपल्यासाठी नाहीच’ म्हणायला मन टपलेलंच असतं.

निघण्याआधी एक फोन कराच. यादीतल्या वेळा जुन्या झालेल्या असतात, जागा बदललेली असते. मीटिंग खुली आहे की बंद, हे विचारा: खुल्या मीटिंगला कुणीही येऊन बसू शकतं, बंद मीटिंग फक्त दारू सोडू पाहणाऱ्यांसाठी असते. आत कुठल्या दाराने यायचं, जिना आहे का, कुठल्या भाषेत बोलतात, फक्त बायकांची मीटिंग आहे का, हेही तेव्हाच. ‘मी पहिल्यांदाच येतोय’ एवढं सांगितलंत तर बहुतेक वेळा कुणीतरी दाराशी थांबतं. ऑनलाइन बसणार असाल तर पडद्यावरचं पूर्ण नाव काढून नुसतं पहिलं ठेवा आणि कानाला हेडफोन लावा. दुसऱ्यांची दुःखं घरभर ऐकू जाता कामा नयेत.

बोलायची तयारी फारशी लागत नाही. ‘मी नवीन आहे, आज फक्त ऐकतो’ हे वाक्य पुरतं, कुणी खोदून विचारत नाही. फोटो, रेकॉर्डिंग अजिबात नाही. इथलं इथेच ठेवायचं, हा सगळ्यांनी पाळायचा संकेत आहे, पण तो कायदा नव्हे. कोर्टात चाललेली भानगड किंवा दुसऱ्या कुणाची गुपितं पहिल्याच दिवशी उघडी करू नका. आणि कुणी तुमच्या मानसिक आजाराच्या गोळ्या बंद करायला सांगितल्या तर सरळ दुर्लक्ष करा. एएचीही भूमिका हीच आहे की औषधांचं डॉक्टरांनी बघायचं.

दहा मिनिटं आधी पोहोचा, संपल्यावर आणखी दहा मिनिटं रेंगाळा. खरी ओळख तेव्हाच होते. दोन-तीन फोन नंबर घ्या आणि रात्री किती वाजेपर्यंत फोन केलेला चालेल तेही विचारून घ्या. स्पॉन्सर, म्हणजे पायऱ्यांमधून हात धरून नेणारा जुना सभासद, पहिल्या दिवशी ठरवायची घाई नको. सहसा पुरुषाने पुरुष आणि बाईने बाई निवडावी असंच सुचवतात.

हे सगळं तुम्ही नवऱ्यासाठी, मुलासाठी किंवा बहिणीसाठी शोधत असाल, तर त्यांना ओढत नेण्याऐवजी स्वतःसाठी अल-अ‍ॅनॉनची मीटिंग बघा. १९५१ पासून ती पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठीच चालते, आणि तिथे जायला घरातल्या माणसाने दारू सोडलेली असायची गरज नाही.