कमेंट उडाली, खातं बंद झालं? पहिल्या अर्ध्या तासातल्या या चुका टाळा

२३ सप्टेंबर २०२३ची पहाट. नागपुरात रात्रभर पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत लोक झोपेत असतानाच घरात पाणी शिरलं. मी तेव्हा एका बातम्यांच्या संकेतस्थळावर वाचकांच्या कमेंट तपासायचं काम करायचो. सकाळी साडेआठला लॉगिन केलं, तर एकाच काकांच्या सहा कमेंट अडकून पडलेल्या, शब्दन् शब्द सारख्या: "डागा लेआउट. पाणी डायनिंग टेबलाच्या वर आलं. आई अंथरुणाला खिळलेली. कोणीतरी या." खाली मोबाइल नंबर.

नंबर असलेली कमेंट यंत्रणा आपोआप थांबवायची. एकच मजकूर सहा वेळा आल्यावर तिनं तो स्पॅममध्ये टाकला. मग काकांनी सुनेच्या ईमेलवरून दुसरं खातं काढलं आणि तिथून आम्हाला शिव्या घातल्या. रांगेत शेकडो कमेंट होत्या. माझ्यासमोर आधी शिव्या आल्या, मी दोन्ही खाती बंद केली. मूळ कमेंट नीट वाचली ती संध्याकाळी.

माझी ती चूक आजही मला सलते. पण त्या खुर्चीत बसून हेही कळलं, की पहिल्या कमेंटमुळे खातं क्वचितच जातं. ती दिसेनाशी झाल्यावर पुढच्या अर्ध्या तासात माणूस जे करतो, त्यानं जातं.

उडाली की अडकली?

आधी हे बघा. खात्यातून बाहेर पडा, किंवा ब्राउझरच्या खासगी खिडकीत तीच बातमी उघडा. बऱ्याच ठिकाणी तपासणीच्या रांगेतली कमेंट फक्त लिहिणाऱ्यालाच दिसते. म्हणून "मला दिसते, पण भावाला दिसत नाही" असं झालं तर बहुधा ती मंजुरीसाठी थांबलेली असते. रात्री अकरानंतर लहान संकेतस्थळांवर तपासायला माणूसच नसतो. सकाळपर्यंत थांबा.

बातमी फेसबुक पानावर वाचली असेल तर प्रकार वेगळा. तिथे पान चालवणारा कमेंट लपवू शकतो. लपवलेली कमेंट तुम्हाला आणि तुमच्या मित्रांना दिसत राहते, बाकीच्यांना नाही. ते काम पानवाल्याचं, फेसबुकचं नव्हे. अशा वेळी फेसबुककडे तक्रार करून आठवडा वाया घालवणारे मी खूप पाहिले.

तीच कमेंट पुन्हा टाकू नका

सगळ्यात जास्त खाती याच चुकीनं जातात. कमेंट दिसली नाही की माणसाला वाटतं नेट गेलं, आणि तो पुन्हा टाकतो. यंत्रणेला फक्त एकाच मजकुराच्या चार प्रती दिसतात. त्यापेक्षा आधी स्वतःचा मजकूर वाचा. लिंक आहे का? फोन नंबर, ईमेल आहे का? ते काढून एकदाच, थोड्या वेगळ्या शब्दांत लिहा.

कधी दोष तुमचा नसतोच. शब्द गाळणारी साधी चाळणी अक्षरं बघते, अर्थ नाही. सावजी रश्श्याच्या बातमीखाली कोणी "मसाला" लिहिलं की त्यातला "साला" पकडला जायचा. २०२२च्या ऑक्टोबरमध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं मोकाट कुत्र्यांना सार्वजनिक जागी खाऊ घालण्यावर बंधन घालणारा आदेश दिला. त्या बातम्यांखाली "महापालिकेने कुत्री पकडावीत" एवढं लिहिलं, तरी कमेंट शिवीच्या खात्यात जमा. मराठीतल्या चाळण्या अजून कच्च्या आहेत, वऱ्हाडी तर त्यांना कळतच नाही. "कुत्री"ऐवजी "मोकाट श्वान" लिहावं लागणं मला मुळीच पटत नाही, पण कमेंट लावून घ्यायची असेल तर आज तोच उपाय आहे. सोबत संपादकांना दोन ओळींचा मेल टाका, की तुमची चाळणी अमुक शब्दावर चुकते आहे. असे मेल आल्यावरच आम्ही "मसाला" सोडवला होता.

दुसरं खातं काढू नका

सुनेचं नको, मुलाचंही नको. बंदी चुकवण्यासाठी नवं खातं काढणं बहुतेक ठिकाणच्या अटींत स्वतंत्र गुन्हा धरतात. पहिली बंदी सात दिवसांची असेल, तर तिची कायमची होते. एकाच वायफायवरून दोन खाती आली की संशय येतोच, आणि मग घरातल्या ज्यानं काही केलं नाही त्याचंही खातं जातं.

भलत्या बातमीखाली भांडू नका

"का जी, माही कमेंट काऊन उडवली? किती पैसे घेतले?" हे विदर्भाच्या सामन्याच्या बातमीखाली लिहिलं की ते विषयांतर म्हणून उडतं, आणि तुमच्या नावापुढे दुसरी नोंद लागते. तपासणाऱ्याला तुमच्या खात्याचा इतिहास दिसतो. राग कितीही खरा असला, तरी त्या इतिहासात तो फक्त "तीन कमेंट काढल्या" एवढाच उरतो.

आरोप आणि अनुभव

पूर का आला, यावर तेव्हा खूप लिहिलं गेलं. "ओव्हरफ्लोच्या तोंडाशी असलेल्या स्मारकामुळे पाणी अडलं असं मला वाटतं" ही कमेंट लागायची. "अमुक अधिकाऱ्यानं पैसे खाल्ले" ही नाही. नाव घेऊन गुन्ह्याचा आरोप केला, तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६, म्हणजे अब्रुनुकसानी, तुमच्यापर्यंत येऊ शकतं आणि संकेतस्थळापर्यंतही. संपादकांची भीती पोकळ नाही. एस्टोनियातल्या डेल्फी या पोर्टलला वाचकांच्या कमेंटसाठी जबाबदार धरलं गेलं आणि २०१५मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयानं त्यात गैर काही नसल्याचं म्हटलं. भरपाई फक्त ३२० युरोंची होती, पण धडा जगभरच्या संपादकांनी घेतला. आपल्याकडे वाचकांच्या मजकुरासाठी संकेतस्थळाला जबाबदार न धरण्याचं, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९चं संरक्षण आहे, पण तेही अटींसकट. म्हणून स्वतः पाहिलेलं लिहा: किती वाजता, कुठे, किती पाणी. तशी कमेंट काढायला आम्हाला कारणच सापडत नसे.

कायद्याचा चुकीचा दाखला

"कलम १९नं मला बोलायचा हक्क दिलाय" हे खरं आहे, पण तो हक्क प्रामुख्यानं सरकारविरुद्धचा आहे. खासगी संकेतस्थळाला तुमची कमेंट छापायलाच लावण्यासाठी तो सहसा चालत नाही. "कमेंट केली तर ६६अ लावतील" हेही अजून ऐकू येतं. माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं, आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराबद्दलचं ते कलम सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०१५ला रद्द केलं. प्रेस कौन्सिलकडेही जाऊ नका, तिचं क्षेत्र छापील वृत्तपत्रं आणि वृत्तसंस्था.

खरा दरवाजा तक्रार निवारण अधिकाऱ्याचा. त्यांचं नाव आणि संपर्क संकेतस्थळावर, बहुतेक वेळा अगदी तळाशी असतो. माहिती तंत्रज्ञानाच्या २०२१च्या मूळ नियमांत मध्यस्थ, म्हणजे लोकांचा मजकूर आपल्याकडे ठेवणाऱ्या, कंपन्यांसाठी २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत निकाल अशी मुदत होती. नियमांत दुरुस्त्या होत राहतात, म्हणून तक्रार करताना त्या दिवशीची मुदत वाचून घ्या. समाजमाध्यम कंपनीनंच कमेंट किंवा खातं काढलं असेल आणि अधिकाऱ्याचं उत्तर पटलं नाही, तर ३० दिवसांच्या आत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन जाता येतं.

या सगळ्यासाठी मजकूर हाताशी हवा. कमेंट उडाल्यावर स्क्रीनशॉट घेता येत नाही. महत्त्वाची कमेंट आधी फोनच्या नोट्समध्ये लिहा, मग चिकटवा.

पत्र कसं लिहायचं

"महोदय, १४ तारखेला रात्री ९.१० वाजता आपल्या पाणीपुरवठ्याच्या बातमीखाली मी लिहिलेली कमेंट काढली गेली. दुसऱ्या दिवसापासून लॉगिन होत नाही. मजकूर सोबत जोडला आहे. कोणत्या नियमाचा भंग झाला आणि बंदी किती दिवसांची आहे, ते कृपया कळवावे. मी तोच मजकूर तीनदा टाकला, ती माझी चूक. कोणता भाग वगळल्यास चालेल ते सांगितल्यास बदल करीन."

एवढं पुरे. एकच पत्र, एकाच पत्त्यावर.

डागा लेआउटच्या काकांनी महिनाभरानं असंच पत्र पाठवलं होतं, हातानं लिहून त्याचा फोटो. शिव्यांबद्दल माफी मागितली होती आणि सहा वेळा का टाकली ते एका ओळीत लिहिलं होतं: "उत्तर येईल असं वाटलं." मी त्याच दिवशी दोन्ही खाती उघडली, त्यांना फोन करून माझी चूक कबूल केली. आई सुखरूप होत्या, शेजारच्या मुलांनी खुर्चीत बसवून वरच्या मजल्यावर नेलं होतं. नंबर काढून त्यांची कमेंट आम्ही जुन्या बातमीखाली लावली. पाणी केव्हाच ओसरलं होतं.