कशातच जीव रमत नाही, तेव्हा प्रार्थनेला कसं बसायचं

माझी मुलगी नर्सिंगच्या नोकरीसाठी आयर्लंडला गेली, त्या पावसाळ्यात मला एक सवय जडली. जपमाळ झाली, ओटा पुसला, की मी फोनवर बंगल्यांचे फोटो बघत बसायचे. व्हरांडे, झोपाळे, संगमरवरी पायऱ्या. बारा वाजून जायचे. मग आल्तारासमोर, म्हणजे घरातल्या वेदीसमोर, उभं राहून म्हणायचे, "देवा, ही हाव माझ्यातून काढून टाक." ती काही गेली नाही. मागणारं मन आधी गप्प करायचं आणि मग प्रार्थनेला बसायचं, असं मी लहानपणापासून धरून चालले होते. आता मी ते मागणारं मनच घेऊन बसते.

शंभर पानी वही आणि पेन्सिल घ्या. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. वीस मिनिटं पुरतात, रात्री किंवा घर उठायच्या आधी.

पहिल्या ओळीत जे हवंय ते लिहा. देवाला बरं दिसावं म्हणून त्याला धुऊनपुसून घेऊ नका. 'जगात शांती नांदो' हे तुमच्या जिवाला खरंच लागून राहिलं नसेल, तर ते लिहायचं नाही. नवी गाडी हवी असेल तर गाडी लिहा. जावेचं सुख डोळ्यांत खुपत असेल तर तेही. बायबलात यरीहोच्या वाटेवर बार्तीमय नावाचा भिकारी ओरडत होता. तो आंधळा आहे हे सगळ्या गर्दीला दिसत होतं, तरी येशूने त्याला विचारलंच, मी तुझ्यासाठी काय करावं? योहानाच्या शुभवर्तमानात तर येशूच्या तोंडचे पहिलेच शब्द प्रश्नाचे आहेत: तुम्ही काय शोधता? मला वाटतं, आपण ते आपल्या तोंडाने सांगावं, याची तो वाट बघतो.

मग त्या ओळीखाली स्वतःला विचारा: हे मिळालं तर काय होईल? उत्तर लिहा. त्याच्याखाली पुन्हा तोच प्रश्न. माझ्या वहीतलं पान असं आहे:

जुनं घर पाडून बंगला बांधावा.
मग लेक सुट्टीत आली की महिनाभर राहील.
मग घरात कुणीतरी मला हाक मारेल.
मी कुणाला तरी हवी असावी. कायमची.

इथे पेन्सिल थांबली. शेवटचा शब्द लिहिल्यावर मला कळलं, की हे बंगला देऊ शकत नाही. लेकही देऊ शकत नाही, आणि तिच्याकडून ते मागणं हा तिच्यावर अन्याय आहे.

आमच्या घरामागे बावखल आहे, म्हणजे पाण्याचं छोटं तळं. उन्हाळ्यात ते आटलं की माझे सासरे कमरेभर चिखलात उतरून गाळ काढायचे. टोपलीमागून टोपली काळा चिखल वर यायचा. संध्याकाळपर्यंत तळाला कुठेतरी पाझर फुटायचा. पाणी आधी गढूळ असायचं, सकाळी निवळलेलं. खालच्या ओळींपर्यंत जायचं ते असं. वेळ लागतो, हात घाण होतात. एका बैठकीत नाही झालं तर दुसऱ्या रात्री बसा.

कुठली इच्छा खोलवर नेते आणि कुठली नुसती फिरवत ठेवते, हे ओळखायची एक खूण आहे. 1521 मध्ये स्पेनमधल्या पाम्पलोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडलेला इग्नाती, पुढे संत झालेला, लोयोला इथल्या आपल्या घरी अंथरुणावर पडून होता. शौर्याची, एका सरदारघराण्यातल्या स्त्रीची स्वप्नं बघताना त्याला गोड वाटायचं, पण ती सरली की मन कोरडं पडायचं. संतांसारखं जगावं या विचाराने मात्र तो विचार सरल्यावरही आनंद टिकायचा. तेव्हा इच्छा मनात असतानाचा आनंद मोजू नका, ती सरल्यावर मागे काय उरतं ते बघा. फोन बंद केल्यावर माझा घसा कोरडा पडलेला असायचा, अगदी खरोखरचा.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. शेवटची ओळ घ्या आणि तीत 'तू' आणा. 'मी कुणाला तरी हवी असावी' याचं 'मी तुला हवी आहे का?' झालं, तेव्हा कुठे माझी प्रार्थना सुरू झाली. संत अगस्तीनने 400 च्या सुमाराला लिहिलेलं 'आत्मनिवेदन' हे पुस्तक सुरुवातीपासूनच देवाला 'तू' म्हणत जातं. तू आम्हांला तुझ्यासाठी घडवलंस आणि तुझ्यात विसावेपर्यंत आमचं हृदय बेचैन आहे, हे तो पहिल्याच पानावर सांगतो. कीर्ती, मैत्री, स्त्रीचं प्रेम सगळं जवळून पाहिलेला माणूस तो. मिलानच्या बागेत 386 मध्ये देवाकडे वळला तेव्हा वयाची बत्तिशी गाठत होता.

'तू' म्हटल्यावर गप्प बसा. उत्तर ऐकू येईल असं मी सांगत नाही. मला कधी शब्द ऐकू आले नाहीत. फक्त कुणीतरी ऐकतंय, एवढं वाटतं, आणि काही रात्री तेही वाटत नाही. तेव्हा बेचाळिसावं स्तोत्र सावकाश वाचा, पाण्यासाठी लुलपणाऱ्या हरिणीचं. त्यातला माणूसही रडतोच आहे, आणि लोक त्याला विचारतात, तुझा देव कुठे आहे?

दोन गोष्टी सांभाळा. मूळ इच्छा खोटी ठरवू नका. विहिरीवरच्या शोमरोनी बाईकडे येशूने आधी साधं पाणीच मागितलं होतं. आणि झोप उडाली, जेवण जाईना, जगणंच नको वाटायला लागलं, तर वही बाजूला ठेवून डॉक्टरकडे जा. फादरांनाही सांगा, पण डॉक्टरकडे आधी.

तळमळ संपेल अशी अपेक्षा ठेवू नका. देवाची चव घेतली आणि आता भूक आणि तहान लागली आहे, असं अगस्तीनच म्हणतो. माझी दुसरी वही निम्मी भरली आहे. बंगला तिच्यातही दोनतीनदा आलाय. रविवारी मिस्साहून आले की लेकीला फोन करते. कधी येतेस, हे आता मी पहिल्या वाक्यात विचारत नाही. आज काय जेवलीस, हे विचारते.