हेड खोलण्याआधी एअर फिल्टर खोला

उन्हाळाभर पानशेत-वेल्ह्याच्या कच्च्या वाटांवर हुंदडलेल्या हीरोच्या एक्सपल्स मोटारसायकली पावसाळ्याच्या तोंडावर माझ्या गॅरेजला लागतात. तक्रार ठरलेली : निळा धूर, चढाला दम नाही, ऑइल खाते. मालक पुण्याच्या नाना पेठेतून पिस्टन किट (नवा पिस्टन आणि त्याच्या रिंगा) घेऊनच आलेला असतो. ते किट आधी बाजूला ठेवायचं आणि एअर फिल्टर काढायचा.

फिल्टरच्या पुढे थ्रॉटल बॉडीकडे, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेकडे, जाणारी रबरी नळी असते. तिच्यात आतून स्वच्छ बोट फिरवा. करकर लागली, तर पिस्टनच्या रिंगा कोणी खाल्ल्या ते कळलं : आत शिरलेल्या धुळीने. नळी तडकलीय, क्लिप ढिली आहे की फिल्टरच नीट बसत नाही, हे शोधून काढा. ते न करता किट टाकलंत, तर पुढच्या उन्हाळ्यात परत भेटूच.

मग इंजिन उघडायला घ्या. आधी गाडी धुवा, स्पार्क प्लगच्या खड्ड्यात हवा मारा. मॅग्नेटवरची 'टी' खूण (पिस्टन अगदी वर असल्याची) जुळवा. सगळे टॅपेट (वॉल्व्ह दाबणारे भाग) हाताला सैल लागले पाहिजेत. चेन ताणून धरणारा टेन्शनर काढून टायमिंग चेन तारेने बांधून ठेवा. हेडचे, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाचे, बोल्ट आडवे-तिरपे, थोडे थोडे सोडा. ब्लॉक (सिलिंडर) वर आला की क्रँककेसच्या तोंडात लगेच फडकं कोंबा. पिस्टनची पिन अडवणाऱ्या सर्कलिपला नेमकं तिथेच उडायचं असतं.

आता मोजमाप. इथे घाई करणाऱ्याला मी पाना देत नाही. नवी रिंग बोअरमध्ये (सिलिंडरच्या पोकळीत) घाला, पिस्टननेच ढकलून सरळ करा आणि फिलर गेजच्या पातळ पात्यांनी रिंगेच्या दोन टोकांमधली गॅप मोजा : एकदा वर, रिंगांच्या पट्ट्यात आणि एकदा अगदी खाली, जिथे रिंग पोचत नाही. समजा वर ०.५० मिमी आली, खाली ०.२५. फरकाला ३.१४ ने भागा : बोअर वरच्या बाजूला साधारण ०.०८ मिमी झिजली. ही झीज सर्व्हिस मॅन्युअलच्या मर्यादेबाहेर असेल, तर नुसत्या रिंगा बदलून पैसे घालवू नका. ओव्हरसाइज पिस्टन आधी घ्या, तो लेथवाल्याच्या हातात द्या आणि त्याच मापाने बोअरिंग-होनिंग (बोअर मोठी करून दगडाने घासणं) करून घ्या. चाकणच्या केटीएम ३९० ला हे लागू नाही. तिच्या बोअरला निकासिलचा कडक, पातळ थर असतो, तिथे होनिंगचा दगड लावायचा नाही.

होनिंगनंतर ब्लॉक गरम पाणी आणि साबणाने घासा. नुसत्या पेट्रोलने बारीक कीस निघत नाही. पांढरं फडकं ऑइलमध्ये भिजवून फिरवा. काळं येतंय तोवर धूत राहा. जुलैच्या पुण्यात उघडा बोअर चहा येईपर्यंत गंजतो, म्हणून ऑइल लगेच लावा.

हेड असं धरा की पोर्टचं (हवा किंवा धूर जाण्याच्या वाटेचं) तोंड वर येईल, त्यात रॉकेल ओता. वॉल्व्हच्या कडेला ओल आली तर ग्राइंडिंग पेस्टने वॉल्व्ह बसवा, सलग करड्या रंगाची कडी दिसेपर्यंत. पेस्टचा कण मागे राहता कामा नये.

जोडणी उलट क्रमाने. रिंगेवरची खूण वर, गॅप एकमेकांपासून दूर, सर्कलिप आणि गॅस्केट (सांध्यात बसणारी पातळ पट्टी) नवेच. बोल्टना टॉर्क पाना, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळणारा. क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा परत तपासा, मगच स्टार्टर.

फिल्टर बसवताना कडेला ग्रीसची पातळ रेघ ओढा. पुढच्या वेळी उघडाल तेव्हा धूळ कुठून आत शिरतेय, ते त्या रेघेवरच दिसेल.