टिक्झमधील चौकटींची मांडणी: या चुका टाळा

लाटेक या अक्षरजुळणी प्रणालीत टिक्झ हे आज्ञा लिहून आकृत्या काढण्याचे पॅकेज वापरून काढलेल्या आकृत्या दुरुस्तीसाठी माझ्याकडे सतत येत असतात आणि त्यांतील बहुतेकींचे दुखणे एकच असते. कोणती चौकट कोणत्या चौकटीच्या संदर्भात कुठे हवी, हे टिक्झला सांगितलेलेच नसते. पडद्यावर पाहून ती अंदाजाने सरकवलेली असते.

सर्वाधिक आढळणारी चूक ‘राइट ऑफ=’ आणि ‘राइट=ऑफ’ या, एक चौकट दुसरीच्या उजवीकडे ठेवणाऱ्या, दोन आज्ञांतील फरक न ओळखण्याची आहे. बरोबरचे चिन्ह ‘ऑफ’नंतर आले, तर अंतर एका चौकटीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत मोजले जाते, ‘पोझिशनिंग’ ही टिक्झची जोड-लायब्ररी घेऊन ते चिन्ह ‘ऑफ’च्या आधी लिहिले, तर अंतर कडेपासून कडेपर्यंत धरले जाते. पहिली पद्धत जुनी असून ती टाळावी, असे टिक्झची मार्गदर्शिकाच सांगते. पण मार्गदर्शिका उघडण्यापेक्षा कुठलेतरी जुने उदाहरण चिकटवणे सोपे वाटते, आणि ते विनातक्रार चालते हीच खरी अडचण आहे.

पाणीपुरवठ्यावरील एका प्रबंधात ‘विहीर’, ‘पंपगृह’, ‘जलशुद्धीकरण केंद्र’ आणि ‘टाकी’ अशा चौकटी जुन्या पद्धतीने 3 सेंमी अंतरावर मांडल्या होत्या. पहिल्या दोन नीट बसल्या; तिसरी मात्र रुंद असल्याने शेजारच्या चौकटीवर चढली आणि मधला बाण दिसेनासा झाला. संशोधकाने कारण न शोधता चौकट आडवी सरकवणारा ‘एक्सशिफ्ट’ लावला, कुठे 7 मिमी, कुठे 4.5 मिमी, आणि बाणांवरची अक्षरे थेट निर्देशांक देऊन बसवली. पुढे मार्गदर्शकांनी मध्ये ‘वायुमिश्रण’ घालायला सांगितले. चौकटी सरकल्या, अक्षरे जागच्या जागी कोऱ्या कागदावर लटकत राहिली, आणि प्रबंध सादर करण्याच्या आदल्या संध्याकाळी ती फाइल माझ्याकडे आली. मी सगळे ‘एक्सशिफ्ट’ पुसले, ‘राइट=ऑफ’ लिहिले, ‘नोड डिस्टन्स’, म्हणजे चौकटींमधले अंतर, एकदाच 12 मिमी ठरवले आणि अक्षरे बाणाच्याच आज्ञेत ‘मिडवे, अबव्ह’ (बाणाच्या मध्यावर, वर) म्हणून घातली. मध्यांमधले अंतरच समान हवे असेल, तर ‘ऑन ग्रिड’ हा पर्याय आहे. त्यासाठी जुन्या पद्धतीकडे जाण्याचे कारण नाही.

दुसरी चूक मराठीत लिहिणाऱ्यांना विशेष भोवते. ‘कर’ या शब्दाला वरही काही नाही आणि खालीही काही नाही. ‘मूर्ती’ला वर वेलांटी व रफार, खाली ऊकार. चौकट मजकुरानुसार उंच होत असल्याने हे दोन शब्द शेजारी ठेवले की त्यांच्या शिरोरेषा एका ओळीत येत नाहीत. यावर ‘मिनिमम हाइट’, म्हणजे किमान उंची, देण्याचा उपाय सर्रास केला जातो आणि तो निरुपयोगी आहे, कारण चौकटी सारख्या उंचीच्या झाल्या तरी मजकूर प्रत्येक चौकटीच्या उभ्या मध्यावरच राहतो. एकओळी चौकटींसाठी मी शैलीतच ‘एक्झिक्यूट अ‍ॅट बिगिन नोड’मध्ये (प्रत्येक चौकटीच्या मजकुराआधी चालणारी आज्ञा) ‘व्ही-फँटम’ने, म्हणजे न छापता फक्त उभी जागा राखणाऱ्या आज्ञेने, ‘मूर्ती’ हा शब्द अदृश्य ठेवतो. मग प्रत्येक चौकट त्या शब्दाची उंची आणि ओळीखालची खोली गृहीत धरते.

काही छोट्या चुकाही नेहमी दिसतात. ‘मिनिमम विड्थ=3’ (किमान रुंदी) असे एककाविना लिहिल्यास 3 सेंमी नव्हे, 3 पॉइंट, म्हणजे जेमतेम एक मिमी, मिळतात. निर्देशांकाआधीच्या एका अधिक चिन्हाने लेखणीचा संदर्भबिंदू, म्हणजे पुढचे अंतर जिथून मोजले जाते तो बिंदू, बदलत नाही, दोन चिन्हांनी बदलतो. ‘स्केल’ने निर्देशांक आक्रसतात, चौकटी नाहीत, ‘ट्रान्सफॉर्म शेप’ने त्याही आक्रसतात, पण अक्षरे वाचता येत नाहीत, म्हणून मी अंतरच कमी करतो.

आकृती पानाच्या मध्यावर येत नसेल, तर मध्यावर आणणाऱ्या ‘सेंटरिंग’ आज्ञेला दोष देण्याआधी शेवटच्या ओळीत ‘करंट बाउंडिंग बॉक्स’च्या (टिक्झ आकृतीचा विस्तार म्हणून धरते त्या आयताच्या) नैर्ऋत्य कोपऱ्यापासून ईशान्य कोपऱ्यापर्यंत लाल आयत काढून पाहावा. वक्ररेषेला बाक देणारे, प्रत्यक्ष रेषेबाहेर असलेले नियंत्रणबिंदूही त्यात मोजले जातात, त्यामुळे उजवीकडे फुगलेला एकच बाण संपूर्ण आकृती डावीकडे ढकलू शकतो.