मुलांची फॅटी लिव्हरची रक्ततपासणी: रिपोर्ट वाचताना या चुका टाळा

वजन जास्त असलेल्या मुलाच्या रक्ताचा रिपोर्ट आला की बहुतेक घरांत आधी एकच गोष्ट बघितली जाते: कुठला आकडा ठळक छापलाय का, शेजारी बाण आहे का. नसेल, तर सगळे निर्धास्त होतात आणि रिपोर्ट फाइलमध्ये जातो. फॅटी लिव्हरच्या, म्हणजे यकृतात चरबी साठण्याच्या बाबतीत हेच महागात पडतं. हा आजार वर्षानुवर्षं मुकाट्याने वाढत राहतो. बहुतेक मुलांचं ना पोट दुखतं, ना डोळे पिवळे होतात, ना भूक मंदावते. रक्तातला एक साधा आकडा हीच अनेकदा पहिली चाहूल असते.

छापील मर्यादेवर विसंबू नका

तो आकडा म्हणजे एसजीपीटी. काही लॅब त्यालाच एएलटी म्हणतात. दोन रिपोर्टवर दोन नावं दिसली तरी तपासणी एकच आहे. यकृताच्या पेशींना इजा झाली की त्यांच्यातलं हे एन्झाइम रक्तात झिरपतं आणि आकडा वर जातो.

आता या आकड्यापुढे छापलेली मर्यादा बघा. कुठे ४० असते, कुठे ४५, कुठे ५० च्याही पुढे. ही मर्यादा मुलांसाठी ठरवलेली असेलच असं नाही. लॅब ती ठरवते तेव्हा वरवर निरोगी दिसणाऱ्या लोकांचे नमुने घेते, आणि त्यांतल्याच कित्येकांना नकळत फॅटी लिव्हर असतं. साहजिकच मर्यादा वर सरकते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात वजन आणि यकृत दोन्ही ठीक असलेल्या मुलांचे आकडे वेगळे काढून पाहिले. तेव्हा वरची मर्यादा निघाली मुलग्यांसाठी २५.८ आणि मुलींसाठी २२.१ युनिट प्रति लिटर. त्याच अभ्यासात मुलांच्या रुग्णालयांमधल्या लॅब मात्र ३० पासून ९० पर्यंत काहीही मर्यादा वापरत होत्या! म्हणजे एकाच मुलाचा ५५ हा आकडा एका ठिकाणी काळजीचा आणि दुसऱ्या ठिकाणी ‘नॉर्मल’ ठरला असता.

उत्तर अमेरिकेतल्या बालयकृततज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये हेच आकडे धरले: मुलग्यांसाठी २६, मुलींसाठी २२. तेव्हा रिपोर्टवर बाण नसला तरी मुलीचा एसजीपीटी ३८ असेल, तर डॉक्टरांना स्वतःहून विचारा, “हा तिच्या वयाच्या आणि मुलीच्या मापाने ठीक आहे का?” ३८ म्हणजे लगेच आजार, असा याचा अर्थ नाही. पण त्याकडे पाठ फिरवू नये, इतकं मात्र नक्की.

काही देशांत हाच आकडा मायक्रोकॅटल या एककात छापतात आणि तो एकाच्या आसपास दिसतो. त्याला ६० ने गुणलं की नेहमीचे युनिट मिळतात. तुलना करण्याआधी एकक बघून घ्या.

एकाच आकड्यावर निकाल लावू नका

याच्या उलट टोकाची चूकही तितकीच होते. आकडा वाढलेला दिसला की त्याच रात्री घरात रडारड आणि मुलाच्या ताटावर पहारा सुरू होतो. एसजीपीटी हलता आकडा आहे. साधा विषाणूजन्य ताप येऊन गेला तरी तो काही आठवडे वर राहू शकतो. आदल्या दिवशी मुलाने जोरदार सामना खेळला असेल किंवा अंगमेहनतीचा व्यायाम केला असेल, तरी वाढू शकतो, कारण हे एन्झाइम थोड्या प्रमाणात स्नायूंमध्येही असतं. रिपोर्टवर सोबत छापलेलं दुसरं एन्झाइम, एसजीओटी, तर स्नायूंत भरपूर असतं, आणि रक्त घेताना किंवा नेताना लाल पेशी फुटल्या तरी त्याचा आकडा चढतो.

म्हणून तपासणीआधी दोन-तीन दिवस दमछाक करणारा व्यायाम टाळावा आणि मूल आजारातून पूर्ण बरं झाल्यावरच रक्त द्यावं. पुन्हा तपासायचं असेल तेव्हा शक्यतो तीच लॅब निवडा. उपाशीपोटी जावं लागतं का, हा प्रश्न हमखास येतो. एसजीपीटीसाठी लागत नाही. पण सोबत साखर आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) बघायचे असतात आणि त्यासाठी बऱ्याचदा उपाशी बोलावतात, म्हणून आधी विचारून जा. उपाशी असतानाही पाणी चालतं.

पुन्हा तपासूनही आकडा खाली येत नसेल, तर मात्र चालढकल नको. तीन महिन्यांहून जास्त काळ तो मर्यादेच्या दुपटीच्या वर राहिला, म्हणजे मुलीत ४४ आणि मुलग्यात ५२ च्या वर, तर पुढचा तपास व्हायला हवा. आणि ८० च्या वर गेला असेल, तर तीन महिने वाट बघत बसू नका, लवकर तज्ज्ञांना दाखवा.

‘वजन आहे म्हणजे फॅटी लिव्हरच’ हे गृहीत धरू नका

मला ही चूक सगळ्यात धोक्याची वाटते, कारण ती पालकांइतकीच डॉक्टरांच्या घाईतूनही होऊ शकते. मूल जाड आहे, एसजीपीटी वाढलाय, निदान झालं, वजन कमी करा आणि सहा महिन्यांनी या. पण जाड मुलाला यकृताचा दुसरा आजार होत नाही, असं थोडंच आहे?

विल्सन आजारात शरीरात तांबं साठत जातं. वेळेत औषध सुरू झालं तर मूल चांगलं राहतं, सुटलं तर यकृत आणि मेंदू दोन्हींचं नुकसान होतं. स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने यकृतावर हल्ला करण्याचा आजार म्हणजे ऑटोइम्यून हिपॅटायटिस, आणि त्यालाही वेगळे उपचार आहेत. हिपॅटायटिस बी आणि सी, गव्हातल्या ग्लुटेनमुळे होणारा सीलिअॅक आजार, थायरॉइडचा बिघाड यांतही हाच आकडा वाढतो. स्नायूंच्या काही आनुवंशिक आजारांत तर यकृत धडधाकट असतं आणि एसजीपीटी-एसजीओटी मात्र कित्येक पट वर असतात. मुलाला जिना चढायला, जमिनीवरून उठायला त्रास होत असेल, तर सीपीके ही स्नायूंची तपासणी करण्याबद्दल विचारा. आकडा वाढलेलाच राहत असेल, तर ही सगळी कारणं एकदा तपासून बाजूला काढायला हवीत. मूल फारच लहान असेल किंवा आकडा खूपच वर असेल, तर जास्तच.

औषधांची यादी द्यायला विसरू नका. फिट्सवरचं व्हॅल्प्रोएट, संधिवातासारख्या आजारांवरचं मेथोट्रेक्सेट, क्षयरोगावरची काही औषधं, मुरुमांवरचं आयसोट्रेटिनॉइन यांनी एन्झाइम वाढू शकतात. ‘नैसर्गिक’ म्हणून दिलेल्या पावडरी, काढे आणि व्यायामशाळेतले पूरक डबेही त्या यादीत हवेत. मात्र आकडा बघून घाबरून कुठलंही लिहून दिलेलं औषध स्वतःहून बंद करू नका. फिट्सचं औषध अचानक थांबवणं जिवावर बेतू शकतं.

बिलिरुबिन बरोबर, सोनोग्राफी ठीक: तरीही निश्चिंत होऊ नका

रिपोर्टमधले बिलिरुबिन (काविळीत वाढतं ते) आणि अल्ब्युमिन (यकृत बनवतं ते प्रथिन) हे यकृताचं काम कसं चाललंय ते सांगतात, आणि यकृत बरंच खराब होईपर्यंत ते ठीकच राहू शकतात. सोनोग्राफीत थोडी चरबी निसटते. चरबी दिसली तरी व्रण, म्हणजे इजेनंतर यकृतात राहणारे घट्ट वण, किती आहेत ते कळत नाही, आणि चिंता खरी व्रणांची असते. म्हणूनच पहिल्या चाळणीसाठी सोनोग्राफीपेक्षा रक्ततपासणी सुचवली जाते. पण एसजीपीटी नॉर्मल असूनही यकृतात चरबी, क्वचित व्रणही असू शकतात. पोटाचा घेर, मानेवरचा काळपट जाड पट्टा, झोपेत घोरणं आणि श्वास अडकणं, घरात कोणाला मधुमेह किंवा फॅटी लिव्हर असणं, हे सगळं त्या आकड्यासोबत मांडूनच निर्णय घ्यायचा असतो.

‘अजून लहान आहे’ म्हणून पुढे ढकलू नका

बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, वय आणि लिंगाच्या तक्त्यावर ९५ व्या पर्सेंटाइलवर (शंभरांतल्या ९५ मुलांपेक्षा जास्त) किंवा त्याच्या वर असेल, तर ९ ते ११ या वयात एसजीपीटी बघावा, अशी २०१७ ची सूचना आहे. ८५ ते ९५ च्या मधल्या मुलांसाठीही तीच सूचना आहे, पण वर सांगितलेल्यांसारखे धोके सोबत असतील तर. स्थूलता खूप तीव्र असेल, तर त्याही आधी.

लिव्हर टॉनिकच्या मागे लागू नका

मुलांच्या फॅटी लिव्हरवर आज सर्वमान्य औषध नाही. व्हिटॅमिन ई सुद्धा स्वतःच्या मनाने देऊ नये. उपयोग होतो तो आहार, हालचाल आणि वजनाच्या संथ, टिकाऊ बदलाचा. गोड पेयं बंद करणं ही सगळ्यात सोपी आणि फळ देणारी सुरुवात. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात किशोर मुलग्यांच्या आहारातली वरून घातलेली साखर ८ आठवडे जवळजवळ काढून टाकली, तर यकृतातली चरबी सरासरी २५ टक्क्यांवरून १७ वर आली. त्यांच्या घरातली माणसंही तोच आहार घेत होती, हे फार महत्त्वाचं आहे. एकट्या मुलाला वेगळं वाढून, इतरांसमोर त्याच्या आकड्याची चर्चा करून हे जमत नाही. मूल लाजतं, लपून खातं आणि पुढच्या तपासणीला यायला नकार देतं. उपाशी ठेवून झटपट वजन उतरवण्याचा खटाटोपही नको, त्याने पित्ताशयात खडे होऊ शकतात.

पुढच्या तारखेशिवाय रिपोर्ट फाइलमध्ये ठेवू नका

पहिला एसजीपीटी ठीक आला आणि धोके तसेच राहिले, तर दोन-तीन वर्षांनी पुन्हा बघायचा असतो. मधल्या काळात वजन भरभर वाढलं किंवा रक्तातली साखर बिघडली, तर लवकर. डोळे पिवळे दिसणं, लघवी गडद होणं, पोट फुगत जाणं, रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौच, विनाकारण गुंगी यांतलं काही दिसलं, तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी रुग्णालय गाठा.