कादंबरीचा शेवट कसा उलगडावा: आधी क्रियापद पाहा

कादंबरीचा शेवट नायकाच्या पश्चात्तापावर आणि तो स्वतःला कोण समजतो या ओळखीवर येऊन थांबत असेल, तर शेवटचं पान मिटताच मत बनवू नका. शेवटचं प्रकरण दोनदा वाचा आणि लगेच पहिली 10 पानं पुन्हा काढा. शेवटाचं उत्तर बरेचदा सुरुवातीच्या एखाद्या साध्या वाक्यात असतं. पुस्तक गावच्या वाचनालयाचं असेल तर पेन्सिल चालवू नका, जुन्या वहीच्या कागदाच्या पट्ट्या घालून ठेवा.

एक उदाहरण रचून घेऊ. अकोल्याकडच्या गावातला नायक बापाचं 4 एकर वावर विकून पुण्याला गेला. 30 वर्षांनी, शेवटच्या पानावर, तो त्याच धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, उभा आहे. आताचा मालक विचारतो, "कोनाचे पाव्हने जी तुमी?" तो म्हणतो, "कुणाचाच नाही. सहज आलो होतो." कादंबरी संपते.

आता पश्चात्ताप शोधा, पण भावनेत नको, क्रियापदात शोधा. नायक वावराबद्दल बोलतो ती सगळी वाक्यं पानाच्या आकड्यासह एका कागदावर उतरवा. "वावर गेलं" म्हणतो तेव्हा करणारा कुणीच नाही. "इकावं लागलं" म्हणतो तेव्हा दोष परिस्थितीचा. "मी इकलं" म्हटलं की करणी त्याची झाली. पहिल्या वाक्यात हळहळ आहे, दुसऱ्यात खंत, आणि पश्चात्तापाची वाट तिसऱ्यापासून सुरू होते. पूर्ण कादंबरीत हे वाक्य कुठून कुठे सरकतं, की सरकतच नाही, हेच शेवटाचं खरं माप. सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या. नायक रडला म्हणजे त्याला पश्चात्ताप झाला, ही चूक इथेच होते. माणूस "वावर गेलं" म्हणतही रडतो.

नायकाची ओळख तपासायला दोन गोष्टी पुरतात. शेवटी त्याला कोण कोणत्या नावानं हाक मारतं, आणि तो कोणत्या बोलीत उत्तर देतो? आपल्या उदाहरणात प्रश्न वऱ्हाडीत आला, उत्तर पुस्तकी मराठीत गेलं. बोलीला नुसता गावरान रंग समजून पुढे जाणं हे फार मोठं नुकसान आहे. उद्धव शेळके यांच्या 'धग' या कादंबरीत (1960) नायिका कौतिकचं जगणं वऱ्हाडी बोलण्यातूनच आपल्यापर्यंत पोचतं. ते बोलणं प्रमाण मराठीत घातलं तर ती बाई उरत नाही.

निवेदक 'मी' असेल तर त्याच्या शेवटच्या कबुलीवर लगेच विश्वास टाकू नका. तो काय गाळतो ते बघा. बापाच्या मरणाचं प्रकरण 2 ओळींत उरकलं असेल तर त्या 2 ओळींवर पट्टी लावा.

मावळता सूर्य दिसला की लगेच प्रतीक म्हणू नये. तो सूर्य आधीही महत्त्वाच्या जागी आला असेल, तरच त्याला अर्थ द्या. 'शेवट मोकळा सोडला आहे' हे वाक्यही टाळा. कोणते दोन अर्थ मोकळे आहेत ते नाव घेऊन सांगा.

लिहायला बसल्यावर एकच दावा मांडा, त्याला 2 उतारे जोडा, आणि दाव्याच्या विरुद्ध जाणारा 1 उतारा मुद्दाम शोधा. आपल्या उदाहरणात दावा असा होईल: करणी कबूल करायची वेळ आली तेव्हा नायकानं बापाचं नावच टाकून दिलं. विरुद्ध उतारा त्याच पानावर आहे. ओळख लपवायचीच होती, तर तो धुऱ्यापर्यंत आला कशाला?